आधी मीटर, मग मिक्सर

साउंडच्या कामावर नवीन आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी मिक्सरला हात लावायचा असतो. मालक त्याच्या हातात केबलचं भेंडोळं देतो आणि टेम्पो रिकामा करायला सांगतो. बरीचशी पोरं इथेच गळतात. आपल्याला हमालीला जुंपलं, असं त्यांना वाटतं. गंमत म्हणजे पुष्कळ मालकांनाही तसंच वाटतं, म्हणून तर त्या कामाचे पैसे ते हमालीच्या भावाने मोजतात. माझं दोघांशीही भांडण आहे. वीज घेणं, अर्थिंग बघणं, केबल कुठून न्यायची आणि स्पीकरचे खोके कुठे ठेवायचे ते ठरवणं, हाच आमचा धंदा. मिक्सरवर बोटं फिरवणं त्यानंतर येतं आणि खालचं सगळं नीट झालेलं असेल, तर ते बऱ्यापैकी सोपंही असतं.

मी हे नाशिकमध्येच शिकलो. शिकलो म्हणजे काय, पंचवटीतल्या एका दुकानाच्या गोडाऊनमध्ये पडेल ते काम करत राहिलो. तेव्हा भोंगे आणि कॉलम होते, आहुजाचे अँप्लिफायर होते, कॅसेटी जाऊन सीडी येत होत्या. समोर बसवून कोणी काही सांगितलं नाही. 'बघ आणि कर' एवढीच पद्धत. आता यूट्यूबवर सगळं मिळतं, त्यामुळे डिजिटल मिक्सरची पानंच्या पानं पाठ असलेली पोरं येतात. हुशार असतात. फक्त खिशात टेस्टर नसतो.

औरंगाबाद रोडला (शहराचं नाव बदललं, रस्त्याचं नाव आमच्या तोंडातून जात नाही) लॉन्सची रांगच आहे. दाट तिथीच्या रात्री तिथून किती वराती निघतात, ते ट्रॅफिक पोलिसांना विचारा. दुपारी दोनच्या उन्हात आमचा छोटा हत्ती गेटातून आत शिरतो, तेव्हा मंडपवाल्याची माणसं फुलं लावत असतात, आचाऱ्याच्या भट्ट्या पेटलेल्या असतात आणि जनरेटरवाला कुठेतरी सावलीला आडवा झालेला असतो. पहिलं काम त्याला उठवण्याचं. "मामा, आमची केबल कुठून देताय?" तो डोळे न उघडता बोट दाखवतो. बोर्डावर तीन फेज आणि एक न्यूट्रल. मीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मल्टीमीटर, एसीवर ठेवायचा. एक काटा न्यूट्रलला, दुसरा पहिल्या फेजला: २३०च्या आसपास आकडा यायला हवा. मग दुसरा फेज, मग तिसरा. मग फेज ते फेज, तिथे ४१५च्या घरात. शेवटी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये. हा आकडा एक-दोन व्होल्टच्या वर गेला, की मी पिनसुद्धा लावत नाही. एवढं झालं की "मामा, पाच मिनिटं बंद करा" म्हणायचं आणि जनरेटर बंद असताना न्यूट्रलचा स्क्रू स्वतःच्या हाताने आवळायचा. मामा वैतागतात. वैतागू देत.

कारण न्यूट्रल भर कार्यक्रमात सुटला, तर तिन्ही फेजवरचा भार आपापसात व्होल्टेज वाटून घेतो आणि ही वाटणी न्यायाची नसते. ज्या फेजवर कॉफी मशीन आणि डेकोरेशनचे मोठे दिवे असतात, तिथलं व्होल्टेज खाली बसतं. ज्यावर भार कमी, तिथे २३०चे ३००, ३५० होतात. आणि कमी भार कोणाचा? बहुतेक वेळा आमच्या मिक्सरचा आणि कॉर्डलेस माइकच्या रिसिव्हरचा. जळक्या वासाबरोबर सगळं थंड पडतं. मग पार्टी साउंडवाल्याकडे बोट दाखवते, साउंडवाला जनरेटरवाल्याकडे, जनरेटरवाला आचाऱ्याकडे. भरपाई कोणीच देत नाही. हे सगळं एका सैल स्क्रूपायी.

पूर्वी निदान लाइटवाल्यांना हिशोब करावा लागायचा. 'पार' म्हणजे स्टेजचा डब्यासारखा दिवा. जुना हजार वॅटचा, एक दिवा सव्वाचार अँपिअर ओढायचा, म्हणजे १५ अँपिअरच्या पिनवर तीन दिवे, चौथा नाही. आकडे कोणी वहीत लिहीत नव्हतं, पण अंगात मुरलेले असायचे. एलईडी पार आले, शे-दोनशे वॅटमध्ये काम भागायला लागलं आणि हिशोब सुटला. एका बोर्डातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, शेवटी त्याच माळेत एलईडी वॉल. भाद्रपदात तर बघायलाच नको. लोखंडी मंडप, खाली चिखल, वरून पावसाची पिरपिर. ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बसवा म्हटलं, की मंडळाचे अध्यक्ष म्हणतात, "दरवर्षी असंच करतो, काही होत नाही." जिथे झालं, त्या मंडळांचे अध्यक्षही आदल्या वर्षी हेच म्हणत असणार.

केबलचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. रात्री दीड वाजता, सगळे जेवून गेल्यावर, पेंगुळलेला हेल्पर केबल कोपराला गुंडाळायला लागतो. दोरी गुंडाळावी तशी. प्रत्येक वेढ्याला केबलमध्ये एक पीळ शिरतो, आतल्या बारीक तारा हळूहळू तुटतात आणि पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी भाषणात खरखर सुरू होते. केबल हातावर घ्यायची, एक वेढा सरळ टाकायचा, पुढचा मनगट आत वळवून खालून उलटा. एक सरळ, एक उलटा. मग कितीही लांब केबल असली, तरी टोक धरून भिरकावली की गाठ न पडता सरळ जाऊन पडते. हे हाताला बसायला वेळ लागतो आणि एकदा बसलं की झोपेतही होतं. माइकच्या केबलच्या तीन पिनांचंही असंच, समजून घेतलं तर हात आपोआप जपून वागतो. एक पिन ग्राउंडची. उरलेल्या दोन तारांवरून एकच आवाज जातो, पण एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. वाटेत शेजारच्या वायरीतली घरघर दोन्हींवर सारखीच चिकटते. मिक्सर एक तार पुन्हा पलटवून दोन्हींची बेरीज करतो. आवाज दुप्पट होतो, घरघर एकमेकीला खाऊन टाकते. एवढी साधी, सुंदर युक्ती आहे आणि आमची माणसं तीच केबल जनरेटरच्या जाड वायरीला टेप मारून बांधतात.

आवाजाचं म्हणाल, तर माझी खरी शाळा गोदाघाट. वसंत व्याख्यानमालेला शंभर वर्षं होऊन गेली. मे महिन्यात संध्याकाळी यशवंतराव महाराज पटांगणावर नाशिककर येऊन बसतात आणि नुसतं बोलणं ऐकतात. गाणं नाही, नाच नाही. नव्या पोराला असलं काम फालतू वाटतं: एक माइक, चार स्पीकर, झालं. मला विचाराल तर ऑर्केस्ट्रापेक्षा हे अवघड आहे. गाण्यातले चार शब्द गिळले गेले, तरी चाल पोहोचते. व्याख्यानात शब्द गेला की सगळंच गेलं. त्यात घाटावर दगड, पायऱ्या, देवळांच्या भिंती. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १७ मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला एक दशांश सेकंद लागतो आणि बोलण्याच्या बाबतीत ५० मिलिसेकंदांपेक्षा उशिरा आलेला पडसाद कानाला वेगळा ऐकू येतो. वक्ता 'समाजाने' म्हणतो, मागच्या रांगेला 'समामाजाजाने' ऐकू येतं. तिथले एखादे आजोबा हात वर करून ओरडतात, "आवाज वाढवा!"

इथेच नवखा आणि जुना वेगळे कळतात. नवखा लगेच फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, वर करतो. मग स्पीकरचा आवाज वाढतो, तसाच भिंतीवरून येणाराही वाढतो आणि आजोबांना आधी कळत होतं तेवढंही कळेनासं होतं. आणखी वाढवला की माइक शिट्टी मारतो. त्यापेक्षा दोन मोठ्या खोक्यांऐवजी लहान खोके जास्त घ्यावेत, माणसांच्या जवळ लावावेत, तोंडं जरा खाली झुकवावीत, आवाज बेताचा ठेवावा. मागच्या स्पीकरला डिले द्यावा: ३४ मीटर मागे असेल, तर शंभर मिलिसेकंद. म्हणजे पुढून हवेतून येणारा आवाज आणि मागच्या स्पीकरमधला आवाज एकाच वेळी पोहोचतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, वक्ता समोरच बोलतोय. यातलं काहीही मिक्सरवर बसून सुधारता येत नाही. खोका चुकीच्या जागी ठेवला, की तो रात्रभर चुकीच्याच जागी असतो.

लाइटसाठी अशी शाळा हवी असेल, तर हौशी राज्य नाट्यस्पर्धा. प्राथमिक फेरीचं नाशिक केंद्र परशुराम साईखेडकर नाट्यगृहात भरतं, तेव्हा तेच स्टेज, तेच डिमर आणि दर प्रयोगाला निराळं नाटक. सकाळी एखादा संघ टेम्पोतून दारं-खिडक्या उतरवतो, दुपारी लाइट टांगतात, संध्याकाळी प्रयोग, रात्री सगळं पुन्हा टेम्पोत. प्रत्येक संघाला बॅकस्टेजला चकटफू हात हवेच असतात. कोणी प्रमाणपत्र विचारत नाही. एकाच दिव्याने कोणी पहाट करतो, कोणी तुरुंग करतो, ते जवळून बघायला मिळतं. ब्लॅकआउट अर्धा सेकंद आधी झाला की शेवटच्या वाक्याचा कसा चुथडा होतो, तेही बघायला मिळतं, आणि मग त्या ऑपरेटरची विंगेत कशी हजेरी घेतली जाते, तेही. काळोखात सेट बदलताना रेडियमची पट्टी कुठे हवी होती, हे एकदा नडगीला पाट लागल्यावर कोणीही विसरत नाही.

मिरवणुकीबद्दल मी थोडंच बोलणार, कारण त्यात मला शिकण्यासारखं फारसं दिसत नाही. नाशिकच्या ढोलाला माइक लागत नाही, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते. ट्रॅक्टरवर बेसच्या भिंती रचणं हा अभिमानाचा विषय नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून देशभर आहे. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. नियम सगळ्यांना पाठ आहेत. मला काळजी वाटते ती त्या ट्रॅक्टरवर, बेसच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पोराच्या कानांची. ८५ डेसिबलला कानाला आठ तास चालतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभराला जेमतेम पाव तास. तो तिथे दुपारपासून उभा असतो. कान हीच ज्याची भाकरी, त्याने दहा-वीस रुपयांचे फोमचे बोळे न घालणं मला कळत नाही. 'कामात नीट ऐकू येत नाही' म्हणतात. बोळे नाही घातले, तर पुढे घरातही येणार नाही.

पैशांचं उघड बोलावं. या धंद्याचं वर्ष पंचांगावर चालतं. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, मग शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं, मग लग्नं थेट जूनपर्यंत. आषाढ लागला की शुकशुकाट. स्पीकरच्या जाळीवर बुरशी येते आणि घरातल्यांच्या कपाळावर आठ्या. पितृपक्षातही तेच. नाइट, म्हणजे आमची मजुरी, मिळते ती प्रयोगाची किंवा कार्यक्रमाची. आधी लागणारा दिवस आणि नंतरची आवराआवर तिच्यातच धरतात. हेल्परच्या नाइटचा आकडा तर अजून शेकड्यातच बोलला जातो. बाहेरगावच्या एका इव्हेंटवाल्यांनी एकदा आमच्या सगळ्या पोरांना तीन दिवस राबवलं आणि पैशांसाठी पुढचे कित्येक महिने फोनवर 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच ऐकवलं. आमच्याकडे कागद नव्हता. तोंडी व्यवहारावर चालणाऱ्या धंद्यात ज्याचं तोंड लहान, तो बुडतो. म्हणून मी आता व्हॉट्सॲपवर का होईना, आकडा, वेळ आणि जेवणाचं कोण बघणार ते लिहून घेतो.

आणि आता सिंहस्थ आलाय. २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मुख्य स्नानं, त्याच्या आधीपासून तपोवनात मंडप. मोठी कंत्राटं मोठ्या कंपन्यांना जातील, त्यात नवल नाही, आणि त्या कंपन्या इथलीच पोरं रोजावर घेतील. त्यातला जो पोरगा मीटर लावायला शिकलेला असेल, तो रोजंदारीवरून टेक्निशियनच्या यादीत जाईल. बाकीचे वायरी ओढतील. हे कामही खेळ नाही. २००३च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी नाशिकने पाहिली आहे. अरुंद गल्ली, मागून रेटा, पुढच्याला मागचं दिसत नाही आणि मागच्याला पुढचं. अशा वेळी स्पीकरवरून येणारा 'थांबा, पुढे येऊ नका' हा आवाज कळला पाहिजे, नुसता ऐकू येऊन भागत नाही. व्याख्यानमालेत गिळलेल्या शब्दाने फार तर एखादे आजोबा नाराज होतात.

आमच्या शेजारच्या वहिनींच्या मुलीने पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. परवा ती घरी आली आणि म्हणाली, "काका, मला लाइटचं काम शिकायचंय." मागोमाग वहिनी. "भाऊजी, तुम्हीच समजवा हिला. रात्री दोन-दोनला घरी यायचं, त्या वायरींत काम करायचं. हे काय मुलीचं काम आहे?"

मला पांडवलेण्यांच्या पायथ्याचं फाळके स्मारक आठवलं. दादासाहेब त्र्यंबकचे, म्हणून आपण तिथे शाळेच्या सहली नेतो. त्यांच्या १९१३च्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी कोऱ्या फिल्मला अंधारात भोकं पाडणं, ती धुणं, ही कामं सरस्वतीबाई करत होत्या, वर सगळ्या माणसांचा स्वयंपाकही. म्हणजे या देशातल्या सिनेमाच्या सुरुवातीच्या टेक्निशियनांत एक बाई होती. मी हे वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या घरच्या घरी करत होत्या, भाऊजी." यावर पटकन काही बोलता येईना, कारण वहिनींच्या बोलण्यात खोट नव्हती. लॉनवर बायकांसाठी कपडे बदलायला आडोसा नसतो. रात्री दीडला टेम्पोच्या मागे सामानावर बसून घरी येणं मुलांचं खपून जातं. हे आमच्या धंद्याने बदलायला हवं होतं, बदललेलं नाही.

म्हणून मी तिला सरळ रस्ता सांगितला. लॉन आणि जनरेटर नंतर. आधी नाट्यगृह: तिथे छत आहे, रंगपट आहे, बाकीच्या मुली असतात, दुपारचे प्रयोग असतात. हप्त्या-महिन्यात डीजे बनवणाऱ्या क्लासला पैसे घालू नकोस. सिग्नल तुला डिप्लोमामुळे कळतो, तीन फेजचं वायरिंग हाताने केलेलं नाही, ते एखाद्या लायसनवाल्या वायरमनकडे बसून शिकून घे. (तिच्या धाकट्या भावाने दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड घ्यावा, असंही मी न विचारता सांगून टाकलं.) खूपच गोडी लागली, तर पुण्याचं ललित कला केंद्र आहे, दिल्लीला एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) आहे, पण ते पुढचं पुढे. लाइटच्या बोर्डातून निघणारी डीएमएक्सची, म्हणजे दिव्यांना हुकूम पोहोचवणाऱ्या सिग्नलची, एक केबल ५१२ चॅनेल नेते, एवढं तिला माहीत होतं. शेवटच्या लाइटला १२० ओहमचा टर्मिनेटर लावायचा राहिला, तर शार्पी (झोत फिरवणारे दिवे) भर कार्यक्रमात थरथरायला लागतात, हे माहीत नव्हतं. का, ते मात्र तिने स्वतःच सांगितलं: टोकाशी सिग्नल आपटून उलटा येत असणार. मी वहिनींकडे बघितलं. त्या चहाचे कप उचलत होत्या.

शनिवारी कालिदास कलामंदिरात दुपारचा प्रयोग आहे. नेपथ्याचा ट्रक सकाळी आठला लागतो, पडदा चारला, सातपर्यंत ती घरी. पायात बूट हवेत, चप्पल चालणार नाही, ओढणी घरी ठेव, टेस्टर आण, हे सगळं मी सांगत असताना तिने मध्येच विचारलं, "काका, नाइट किती? आणि कधी मिळणार?"

"अगं, काकांना काय पैसे विचारतेस!" वहिनी ओरडल्या.

मी आकडा सांगितला आणि त्याच दिवशी रोख मिळतील म्हणालो. तिने मोबाइल काढला, मला तोच आकडा व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'जेवणाचं?'